पुलाच्या अलीकडे

"मी आज पुलाच्या अलीकडेच आहे, डॉक्टर," वेंडेल तामुरा म्हणाला, आणि अमाया गोइरीचा हात माउसकडे गेला.

हात आधी गेला, मन मागाहून आलं. बॉइझी शहरातल्या त्या लहानशा खोलीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, सकाळच्या पहिल्या कॉफीचा कप अजून अर्धा भरलेला होता आणि पडद्यावर एक ओळखीचा चेहरा होता. त्या चेहऱ्याचं काय बिघडलंय हे पाहण्याआधी हात भेट बंद करण्याच्या लाल चौकोनावर जाऊन थांबला होता. प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला ती एकच प्रश्न विचारी: तुम्ही आत्ता, या क्षणी, कुठे आहात? कसे आहात, हे त्यानंतर. डॉक्टर कुठे बसलाय याला कायद्यात किंमत नव्हती. पेशंट जिथे बसलाय तिथे उपचार घडतो, आणि त्या राज्याचा परवाना डॉक्टरच्या नावावर हवा. वेंडेल नायसा गावात राहायचा, स्नेक नदीच्या ओरेगनकडच्या काठावर. अमायाजवळ ओरेगनचा परवाना नव्हता. म्हणून गेले आठ महिने तो दर पंधरवड्याला पिकअप काढायचा, पूल ओलांडून आयडाहोत यायचा, बंद पडलेल्या एका फळांच्या दुकानासमोर गाडी लावायचा, फोन स्टिअरिंगला टेकवायचा आणि म्हणायचा, "आलो आयडाहोत, डॉक्टर. विचारा काय ते." आज त्याच्या मागच्या काचेतून साखर कारखान्याचं पांढरं उंच कोठार दिसत होतं. ते ओरेगनमध्ये होतं.

"गाडी बिघडली का?" तिने विचारलं.

"गाडीला काय धाड भरलीय? माझ्याच हातची आहे." तो शाळेच्या बसगाड्यांचा मेकॅनिक होता. "पुलावर घालायला नको वाटतं, एवढंच. मागच्या दोन खेपांना मधोमध आलो की हात आपले उजवीकडे वळायला बघत होते. कठड्याकडे. आज म्हटलं, नकोच."

हे तो टायरमधल्या हवेबद्दल बोलावं तसं बोलला. दाढी वाढलेली होती. नऊ वर्षांत तिने त्याला कधी दाढी वाढवलेला पाहिला नव्हता, अगदी मनोविकारांच्या वॉर्डातसुद्धा नाही.

"वेंडेल, तुम्ही ओरेगनमध्ये असाल तर मला ही भेट..." तिने सुरुवात केली. ते वाक्य तिला पाठ होतं, पाठ असलेलं वाक्य आपोआप पुढे सरकतं.

"ठाऊक आहे मला. तुमचं लायसन्स जाईल. माझ्यापायी नको ते." तो हसला. हसताना त्याने डोळे दुसरीकडे वळवले. "पुष्कळ केलंत तुम्ही. बरं, ठेवतो."

पडदा काळा झाला. लाल चौकोन तिने दाबला नव्हता. त्याने तिच्यासाठी तो दाबला होता.

तिने लगेच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग थेट त्याचा फोनमध्ये नोंदवलेला निरोप ऐकू आला, जुना, तरतरीत आवाजातला: मी बसखाली झोपलोय, मागून बोलतो. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. खाली दंतवैद्याचं यंत्र सुरू झालं आणि जमीन बारीक थरथरू लागली. ही थरथर रोज असे, आज ती पायांतून वर चढत दातांपर्यंत आली. आठ महिने. आठ महिने आपण ज्याला मरावंसं वाटतं त्याला दर पंधरा दिवसांनी नदीवरच्या पुलावरून बोलावून घेतलं, आणि पलीकडे सुखरूप पोचल्यावर विचारलं, मरावंसं वाटतं का. तो नाही म्हणायचा. त्या क्षणी ते खरंच असावं. पूल मागे पडलेला असायचा. परतीच्या पुलाबद्दल तिने कधी विचारलं नाही. झोप विचारली, भूक विचारली, लिथियमच्या गोळ्या विचारल्या, आई कशी आहे ते विचारलं, आणि गाडी नेमकी आयडाहोत उभी आहे ना याची दर खेपेला खात्री करून घेतली. उलट त्या दुकानाची कल्पना तिचीच. नकाशा पडद्यावर मोठा करून तिनेच दाखवलं होतं, हे बघा, पूल उतरला की लगेच, फार लांब जायला नको. तेव्हा आपण किती युक्तीने वाट काढली असं वाटून तिला दिवसभर बरं वाटलं होतं.

भिंतीवर चौकटींत परवाने टांगलेले होते. आयडाहो, वायोमिंग, मोंटाना, युटा, नेब्रास्का, आयोवा, अलाबामा. दवाखान्याचं वेळापत्रक सांभाळणारी ट्रूडी त्यांना लग्नपत्रिका म्हणायची. "अगं डॉक्टर, एवढ्या ठिकाणी नांदून आलीस, अलाबामाचं तोंड तरी बघितलंयस का?" अमायाने बघितलं नव्हतं. राज्याराज्यांत एक करार होता. तुमच्या मूळ राज्याने एकदा सांगितलं की ही बाई स्वच्छ आहे, परीक्षा पास आहे, हिच्या नावावर तक्रार नाही, की करारातली बाकीची राज्यं त्या शब्दावर परवाना देत. पैसे भरले आणि पंधरा दिवसांत अलाबामा तिचं झालं. तिथल्या कुठल्यातरी गावातला एक अनोळखी तरुण आज वेंडेलनंतर तिच्यासमोर येणार होता, आणि तो कायदेशीरपणे तिचा पेशंट होता. ओरेगन त्या करारात नव्हतं. तिथे स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र छाननी. महामारीत सगळीकडे सवलत होती, कुठूनही कुठेही पेशंट बघता येत होता. त्याच काळात वेंडेलच्या आईचं, फुमीबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं आणि तो नॅम्पातलं घर विकून नायसाला गेला. "काही फरक पडणार नाही ना, डॉक्टर?" त्याने विचारलं होतं. ती म्हणाली होती, काही फरक पडणार नाही. मग सवलत संपली.

अर्ज तिने त्याच आठवड्यात केला. सगळं जमलं, एक गोष्ट सोडून. जिथे तिने मनोविकारांचं प्रशिक्षण घेतलं त्या रुग्णालयाकडून थेट खात्री हवी होती, आणि ते रुग्णालय आता नव्हतं. पूर्वेकडच्या एका थंड शहरातली ती विटांची इमारत विकली गेली होती. चार वर्षं ती तिथे झोपली, जेवली, रडली. पाचव्या मजल्यावर एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने तिला शिकवलं की पेशंट गप्प बसला की तू त्याच्यापेक्षा जास्त गप्प बस. तो प्राध्यापक वारला होता. जुन्या नंबरवर फोन केला तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "एक बेडरूमचा फ्लॅट बघताय की दोन?" पाचव्या मजल्यावर आता व्यायामशाळा होती. बंद रुग्णालयांची कागदपत्रं सांभाळणारी एक कंपनी होती, तिच्या गोदामात तिची चार वर्षं कुठल्यातरी खोक्यात होती, आणि ते खोकं अजून सापडत नव्हतं. ओरेगनच्या मंडळातली बाई फोनवर सौजन्याने बोलायची. "आम्ही समजू शकतो, डॉक्टर. पण तुम्ही तिथे होतात हे कुणीतरी सांगायला हवं ना?" अमायाला काही रात्री खरंच वाटायचं, आपण तिथे नव्हतोच. ते सगळं दुसऱ्याच कुणाचं आपल्याला आठवतंय.

आणि ओरेगनमधले मनोविकारतज्ज्ञ? तिने फोन करून पाहिले होते. जवळचा डोंगरापलीकडे, नवीन पेशंटला ऑक्टोबरनंतर. आता मार्च होता.

ती खुर्चीत बसली. पुन्हा फोन लावला. बसखाली झोपलोय, मागून बोलतो. तिला डॉ. लुंड आठवला, याच इमारतीत तिच्या शेजारच्या खोलीत बसायचा. त्याची एक पेशंट सुट्टीला दुसऱ्या राज्यात गेली, घाबरून तिथून फोन केला, लुंडने औषध लिहून दिलं. नवऱ्याने तक्रार केली. त्या राज्याने समज दिली, साधी समज. पण अर्जात प्रत्येक राज्य विचारतं, तुमच्यावर कुठे कारवाई झाली आहे का? आणि मग एकेक राज्य त्याचा परवाना काढून घेत गेलं. करारातून नाव गेलं, विमा कंपन्या गेल्या. शेवटी लुंड खोली रिकामी करून तिथली झाडं वाटत फिरत होता. त्याने अमायाला दिलेलं झाड तिच्या टेबलावर होतं. तिच्या यादीवर साडेतीनशे माणसं होती. त्यांपैकी कितीतरी अशा गावांतली, जिथे दुसरा डॉक्टर नव्हता. एका माणसासाठी ही सगळी? हा हिशेब ती पूर्वीही करायची आणि तो बरोबरच यायचा. आज तो करताना मध्येच वाढलेली दाढी दिसली आणि हिशेब मोडला.

तिने नदीपलीकडच्या काउंटीच्या, तिकडच्या जिल्ह्याच्या, आपत्कालीन कक्षाला फोन लावला. या फोनवरचं बोलणं नोंदवलं जात आहे, असं यंत्राने सांगितलं, मग एक बाई आली.

"एका माणसाच्या घरी कुणाला तरी पाठवा. नायसाला. वेंडेल तामुरा. जिवाचं बरंवाईट करून घेईल असं वाटतंय."

"तसं म्हणाला का तो?"

"पुलाबद्दल बोलला. सरळ नाही म्हणाला."

"तुम्ही कोण त्यांच्या? नातेवाईक?"

"नाही."

"शेजारी?"

"नाही. मी बॉइझीत असते."

"मग कोण?"

ओठांपर्यंत शब्द आला. नोंद होत होती. या क्षणी ती कुठे होती, तो कुठे होता, ती कोण म्हणून बोलत होती, सगळं. "ओळखीची आहे," अमाया म्हणाली.

"बरं," बाई म्हणाली, आणि तिच्या आवाजातली घाई उतरल्याचं अमायाला स्पष्ट ऐकू आलं. "आमचा माणूस दुसऱ्या टोकाला अपघातावर आहे. मोकळा झाला की पाठवते. काउंटी मोठी आहे बाई, तुम्हाला कल्पना नसेल."

ओळखीची. फोन खाली ठेवल्यावर तो शब्द तोंडात राहिला. नऊ वर्षांपूर्वी वॉर्डात वेंडेल अकरा दिवस बोलला नव्हता आणि बाराव्या दिवशी त्याने विचारलं होतं, "तुमच्या गाडीच्या इंजिनाचा बेल्ट ओरडतो, रोज सकाळी ऐकतो मी. बदलून देऊ?" तेव्हा ती ओळखीची नव्हती. तेव्हा ती त्याची डॉक्टर होती, आणि एकाच बाजूला होते दोघं.

ती कोट घालत असताना ट्रूडी दारात आली. "अलाबामावाला वाट बघतोय. आणि तू निघालीस कुठे?"

"नायसाला."

"काय?"

"वेंडेलने पूल ओलांडला नाही. फोन उचलत नाहीये."

ट्रूडीने दार लावून घेतलं. "ऐक माझं. तिथे जाऊन तू करणार काय? इथून बोललीस तरी गुन्हा, तिथे जाऊन बोललीस तरी गुन्हा. पोलिसांना कळवलंस ना? मग झालं तुझं काम. नियमात तेवढंच बसतं."

"मी त्यांना सांगितलं, ओळखीची आहे म्हणून."

"शहाणपण केलंस."

"ट्रूडी, म्हणून ते हळू येतायत."

ट्रूडीने दाराची मूठ सोडली. मग म्हणाली, "लुंडचं झाड मी घरी नेणार नाही हं, आधीच सांगते. तुझी झाडं तू सांभाळ." आणि बाजूला झाली. "जा. अलाबामाला मी सांगते डॉक्टरांचं पोट बिघडलंय. गाडी नीट चालव, गाढवे."

शहर संपलं तशी शेतं लागली. नांगरलेली, काळी, अजून काही न उगवलेली. नॅम्पा मागे पडलं. ती फोन लावत होती, गाडीतल्या स्पीकरमधून तो तरतरीत माणूस परत परत बसखाली झोपत होता. या रस्त्याने लहानपणी ती बापाच्या ट्रकमधून गेलेली होती. बाप स्पेनच्या डोंगरातून मेंढ्या राखायला आलेला बास्क माणूस. उन्हाळ्यात कळप नदीपलीकडच्या कुरणांवर न्यायचा तर आधी जनावरांचा डॉक्टर येऊन प्रत्येक मेंढी तपासायचा आणि कागद द्यायचा. एकदा कागद यायला उशीर झाला, इकडचं गवत संपलं, आणि मेंढ्या भुकेने रोज थोड्या थोड्या बसू लागल्या. बापाने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे कळप पुलावर घातला. तिला ते आठवत होतं ते खुरांच्या आवाजामुळे, पाऊस पडल्यासारखा आवाज, खाली नदी आणि वर हा कोरडा पाऊस. आई ओरडत होती, दंड होईल, हाकलून देतील. बापाने तिला काय उत्तर दिलं ते अमायाला आठवत नव्हतं.  दंड झाला होता, हे मात्र आठवत होतं. त्या वर्षी नवे बूट मिळाले नव्हते. हे आठवून धीर यायला हवा होता. आला नाही. मेंढ्या पुलावर गेल्या तेव्हा जिवंत होत्या. बापाला ते जाताना माहीत होतं.

पुढचा ट्रक हळू होता, कांद्यांच्या पोत्यांनी भरलेला. ओलांडायला जागा नव्हती. ती हॉर्न वाजवत राहिली, ट्रकवाल्याने काचेतून हात बाहेर काढून बोटाने काय ते सांगितलं. ती रडत नव्हती, पण श्वास घेताना आवाज होत होता. आता तो नसेल. आता या क्षणी, हे कांदे समोर डुलत असताना, तो नसेल. मग आपण उद्या काय करणार? सकाळी येऊन बसणार आणि विचारणार, तुम्ही आत्ता कुठे आहात? परवाने भिंतीवर असतील, एकही डाग नाही. कुणीही तिला दोष देणार नाही, कारण तिने नियमाचं वाक्य अर्धं तरी म्हटलं होतं.

बंद फळांच्या दुकानासमोर कुणी नव्हतं. मातीत टायरच्या जुन्या खुणा होत्या, सगळ्या एकाच जागी. पूल समोर आला. कठडा किती कमी उंच आहे हे तिने पहिल्यांदा पाहिलं. तिने गाडी मधल्या पट्ट्याला धरून चालवली, उजवीकडे पाहिलं नाही, मग पाहिलं. बर्फ वितळून नदी तपकिरी आणि भरलेली होती. पाण्यात काही दिसत नव्हतं, आणि काही दिसलं नाही याचा अर्थ काय, हे तिला कळत नव्हतं.

पलीकडे, पूल सुरू होतो तिथे रस्त्याच्या कडेला, पिकअप उभी होती. पुलाकडे तोंड करून. इंजिन चालू होतं.

तो आत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. तिने काच वाजवली तेव्हा त्याने मान वळवली, आणि तिला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही, लाज वाटली. ती दुसऱ्या बाजूने आत शिरली, हात लांब करून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. शांतता झाली. गाडीत ग्रीजचा आणि न धुतलेल्या अंगाचा वास होता.

"सकाळपासून इथेच?" तिने विचारलं.

"तुमच्याशी बोललो, मग इथे आलो." मग तो म्हणाला, "म्हटलं, पलीकडे जाऊन परत फोन करावा. नियमाने. जमेना."

ती गप्प बसली. तो गप्प बसला. ती त्याच्यापेक्षा जास्त गप्प बसली. कांद्याचा दुसरा एक ट्रक मागून आला आणि पूल हलवत पुढे गेला.

"तुम्ही इथे यायला नको होतं," वेंडेल म्हणाला. "इथे तुम्ही डॉक्टर नाही."

"वेंडेल, मरायचं ठरवलंय का?"

तिने तसंच विचारलं, सरळ, जसं विचारायला शिकवलं होतं. हा प्रश्न या काठावर विचारायचा तिला अधिकार नव्हता. 

"हो," तो म्हणाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि मग त्याचे खांदे हलू लागले. "आईला मी सकाळचा चहा देऊन आलोय. दुपारचं काही ठेवलं नाही. दुपारचं कोण देईल, एवढंच डोक्यात फिरत होतं. बाकी काही नाही, बघा. दुपारचं."

"गोळ्या?"

"जानेवारीपासून नाही. हात थरथरायचे, नट पकडता येईना. तुम्हाला सांगितलं नाही."

तिने त्याचा हात स्टिअरिंगवरून सोडवला, एकेक बोट. हात बर्फासारखा होता. तिने तो धरून ठेवला.

काउंटीच्या पोलिसांची, शेरिफची गाडी दिवे न लावता आली. उतरलेला डेप्युटी तिशीतला, लठ्ठसर, दमलेला होता. बुटांवर दुसऱ्या कुठल्यातरी अपघाताचा चिखल होता. एक हात पट्ट्यावर ठेवून तो खिडकीशी वाकला. "वेंडेल तामुरा? माझ्या शाळेच्या बसचे ब्रेक तुम्ही केले होते." मग तिच्याकडे पाहून, "आणि तुम्ही?"

"त्यांची डॉक्टर," अमाया म्हणाली.

"इथल्या?"

"नाही. नदीपलीकडची. इथला परवाना माझ्याकडे नाही."

डेप्युटीने पुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हे आपल्याला का सांगितलं जातंय ते त्याला कळलं नसावं, किंवा कळलं असावं. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. "बाई, मला बंदुका आणि दारुडे कळतात. हे आपल्याला जमत नाही. काय करायचं ते सांगा."

ती सांगू लागली. बेड्या घालायच्या नाहीत. पुढच्या सीटवर बसवा, मी मागे बसते. पुलावरून न्यायचं नाही, याच बाजूच्या रुग्णालयात. रक्त लगेच तपासायला सांगायचं, लिथियमसाठी आणि मूत्रपिंडासाठी, एकट्याला खोलीत ठेवायचं नाही, संडासलाही नाही. घरात बंदूक असेल तर ती आजच बाहेर. आणि आधी कुणालातरी फुमीबाईंकडे पाठवा, जेवण घेऊन. डेप्युटी मान हलवत होता. ती पर्समधून कागद काढून गुडघ्यावर लिहीत होती, रुग्णालयातल्या डॉक्टरसाठी, कारण ही माणसं तिचं ऐकतील की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि कागदावर नाव असलं तर बहुधा ऐकतील.

वेंडेलने डोकं मागे टेकवलं होतं. डोळे मिटूनच तो म्हणाला, "डॉक्टर, तुमचं नाव नका घालू त्यावर."

तिने नाव घातलं होतं. आता ती खाली जागा लिहीत होती: नायसा, ओरेगन.